आठ मिलिलिटर

कारा-बुलाक, १२ फेब्रुवारी १९८४

धाकट्या मिर्झा,

घरी सगळे बरे आहेत, मेंढ्या बऱ्या आहेत, तुझ्या आईचा आवाज तर ठणठणीत आहे. आता कामाचं.

रात्रशाळेत आम्ही नवरा-बायको एकाच वर्गात बसतो हे तुला माहीतच आहे. मी पुढच्या बाकावर, हे मागच्या. ह्यांना ट्रॅक्टर-तुकडीचं मुकादमपद हवंय, म्हणून दाखला हवाय. मला काय हवंय ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, तुला सांगते. दूधकेंद्राच्या प्रयोगशाळेतली रोझा लग्न करून परगावी चालली. जूनमध्ये तिची जागा रिकामी होते. संचालक म्हणाले, "दाखला आण, रसायनात पाचापैकी चार आण, जागा तुझी."

मिर्झा, सोळाव्या वर्षापासून मी पहाटे उठून सरकारी गोठ्यात गाई दोहते आहे. हिवाळ्यात बोटं अशी फुटतात की पिठात हात घालवत नाही. मला ती जागा हवी आहे. पांढरा कोट हवा आहे, आणि दूध चांगलं की आंबलेलं हे सांगायचा अधिकार हवा आहे.

पण गाडी अडली आहे 'मोल'पाशी. एसेनकुल मास्तर म्हणतात, सहावर तेवीस शून्यं, एवढे कण म्हणजे एक मोल. मी विचारलं, "मोजले कुणी?" वर्ग हसला. हे सगळ्यांत मोठ्यानं हसले. तू फ्रुंझेच्या विद्यापीठात तीन वर्षं रसायन शिकतोस, आपल्या मेंढ्या विकून शिकतोस, तेव्हा आता जरा वहिनीच्या उपयोगी पड.

तुझी वहिनी,
तुर्सुनाय


फ्रुंझे, २४ फेब्रुवारी

आदरणीय वहिनी,

तुमचं पत्र वाचून माझी मान ताठ झाली. आमच्या घरात माझ्यानंतर दुसरं शास्त्रीय डोकं निघालं म्हणायचं!

मोल हा नुसता एक गठ्ठा आहे. डझन म्हटलं की बारा, तसं मोल म्हटलं की ती सहावर तेवीस शून्यं. मोजायचं कुणी नाही, वजन करायचं. हायड्रोजनचा गठ्ठा एक ग्रॅमचा, क्लोरीनचा साडेपस्तीस ग्रॅमचा. दोघं मिळून हायड्रोक्लोरिक आम्ल, त्याचा गठ्ठा साडेछत्तीस ग्रॅमचा. संपलं! यात रडण्यासारखं काही नाही.

सोबत वीस उदाहरणं पाठवतो. पहिलं मीच सोडवून दाखवतो. ९.८ ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल मारायला किती सोडियम हायड्रॉक्साइड लागेल? आम्लाचा गठ्ठा ९८ ग्रॅमचा, म्हणजे आपल्याकडे ०.१ मोल आम्ल. म्हणून अल्कलीही ०.१ मोल. तिचा गठ्ठा ४० ग्रॅमचा, म्हणून उत्तर ४ ग्रॅम. बघा, किती सोपं.

दादाला सांगा, वर्गात घोरू नको.

तुमचा दीर, म्हणजे धाकटा मिर्झा,
मेदेर


कारा-बुलाक, १३ मार्च

शास्त्रीय डोक्याच्या मिर्झा,

तुझा डझन माझ्या डोक्यात शिरला नाही. शिरलं ते कुरुत वाळवताना. सासूबाई घट्ट दह्याचे गोळे बोराएवढे करतात, मी अक्रोडाएवढे. दोघींनी शंभर-शंभर गोळे केले तर संख्या तीच, पण माझं पोतं जड. एवढंच आहे ना तुझं मोल? मग आधीच कुरुत म्हणायचं होतंस!

त्यानंतर मला थांबवेना. बोरसोक तळताना पिठात एक चमचा सोडा घालते, आयरानाच्या आंबट ताकानं तो फसफसतो. चमचा तोलला. ४.२ ग्रॅम. सोड्याचा गठ्ठा ८४ चा, म्हणजे ०.०५ मोल. तेवढ्यातून लिटरभराहून जास्त वायू निघतो! म्हणून बोरसोक आतून पोकळ. हे सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी पाहुण्यांना वारा खायला घालत होते?"

आता तुझ्या पहिल्या उदाहरणाबद्दल. सल्फ्युरिक आम्लात हायड्रोजन दोन आहेत की रे. एक अल्कली एकालाच सांभाळणार, दुसरा मोकळाच हिंडणार. दुप्पट लागेल, आठ ग्रॅम. मी मास्तरांना दाखवलं. त्यांनी विचारलं, "हे चार कुणी लिहिलं?" मी तुझं नाव सांगितलं नाही. घराण्याची अब्रू राखली.

मास्तरांनी खूश होऊन सरावाला ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली मापाची काचनळी, दिली आहे, आणि डिस्टिल्ड पाण्याची तीन लिटरची काचेची बाटली. ज्यात पाण्याशिवाय काहीच नाही असं पाणी म्हणे. मी चाखलं, अगदीच बेचव.

तुझी वहिनी


फ्रुंझे, २५ मार्च

आदरणीय वहिनी,

ती चूक मी मुद्दाम केली होती, तुमचं लक्ष आहे का ते बघायला. तुम्ही पास!

सोबत आणखी तीस उदाहरणं, सगळी उत्तरांसकट. ती माझ्या एका मित्रानं उतरवून दिली आहेत, कारण माझ्या बोटाला लागलंय. फार काही नाही.

मेदेर


कारा-बुलाक, २२ एप्रिल

लबाड मिर्झा,

लागलेल्या बोटानं पत्र तर बरं लिहिलंस! आणि ह्या 'मित्राचं' अक्षर मोत्यासारखं आहे. कागदाच्या कडेला बारीकशी वेलबुट्टी आहे. तिसांतलं एकही उत्तर चुकलेलं नाही, त्यामुळे तू ह्यातलं काहीही सोडवलेलं नाहीस हेही उघड आहे. कुठली आहे? दक्षिणेची, ओशकडची असेल तर तिला आपला दुधाचा चहा चालेल का? मला नाही सांगणार तर कुणाला सांगणार? तुझ्या आईला मीच पटवायची आहे हे विसरू नकोस.

माझा सराव जोरात आहे. दहा मिलिलिटर आम्ल घ्यायचं, रंगाचा थेंब टाकायचा, वरून ब्युरेटमधून अल्कली सोडायची. लाल पिवळं झालं की थांबायचं. मला ते गाय पान्हवते तसं वाटतं, घाई केली की बिघडलंच. ह्यांचा एकदा हात सुटला आणि सगळी ब्युरेट रिकामी झाली. मला म्हणाले, "ट्रॅक्टरच्या टाकीला असला नळ असता तर मी शेतात कधीच पोचलो नसतो."

काल मास्तरांचं सामान परत केलं. पाणी सरावात संपलं होतं, पण दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं पाठवायचं? मास्तरांचे गुडघे दुखतात, म्हणून घोडा काढला, वर अरशानच्या औषधी झऱ्यावर जाऊन बाटली गळ्यापर्यंत भरून आणली. मास्तर घरी नव्हते, बाटली शाळेच्या झाडूवालीकडे दिली. पुण्याचं काम झालं.

तुझी वहिनी


कारा-बुलाक, २७ मे

मेदेर,

आज मिर्झा म्हणवत नाही. मी नापास झाले.

लेखी पेपर उत्तम गेला. मग प्रयोग. मास्तरांनी सकाळी कारखान्यात मोजून भरलेली सीलबंद नळी फोडून लिटरभर पाण्यात आम्ल बनवलं होतं. जिल्ह्याहून तयार आलेली अल्कली होती, लिटरला ०.१ मोल. आम्ल किती तेवढं शोधायचं. जिल्ह्याच्या निरीक्षक सालियेवा बाई समोर बसल्या होत्या.

मी दहा मिलिलिटर आम्ल घेतलं. आठ मिलिलिटर अल्कलीला रंग पालटला. पुन्हा केलं, आठ. तिसऱ्यांदा केलं, आठच. मी ०.०८ लिहिलं. बाकी दहाजणांनी, आपल्या ह्यांनीसुद्धा, ०.१ लिहिलं. बरोबर उत्तर ०.१. नळीचा रिकामा डबा टेबलावरच होता, त्यावर छापलेलंही होतं. मलाही दिसत होतं. पण ब्युरेटवर आठ होते, मग दहा कशी लिहू?

सालियेवा बाई म्हणाल्या, "पाचवा हिस्सा चुकवणारी बाई दुधाची परीक्षा काय करणार?" मास्तरांनी मान खाली घातली. ह्यांना चार मिळाले. घरी येताना घोड्यावर हे गाणं म्हणत होते, माझ्याकडे बघून मध्येच थांबले.

बारा जूनला निकालावर सह्या होतील. रोझाची जागा बहुतेक संचालकांच्या भाचीला जाईल. उदाहरणं आता पाठवू नकोस.

तुर्सुनाय


फ्रुंझे, १ जून

वहिनी,

तुमचं पत्र वाचून जेवण गेलं नाही. मला वाटतं तुम्ही ब्युरेट तिरपी धरून वाचली असेल. किंवा खाली एखादा बुडबुडा राहिला असेल. पहिल्या वर्षी माझंही व्हायचं. मन खट्टू करू नका, पुढच्या वर्षी पुन्हा बसा.

मेदेर

(त्याच कागदाच्या मागे, दुसऱ्या अक्षरात)

आदरणीय तुर्सुनाय ताई,

मी चिनार. मेदेरच्या वर्गात आहे आणि हो, ओशकडचीच आहे. न विचारता लिहिते आहे, माफ करा. बुडबुड्याचं मला पटलेलं नाही. चुकणारा माणूस एकदा सात लिहील, एकदा नऊ लिहील. तिन्ही वेळा आठ आले म्हणजे त्या भांड्यात खरोखर आठच होते. मला तुमच्यापेक्षा त्या आम्लाचा संशय येतो. नळीत पुरतं ०.१ मोल होतं, तर मधल्या मध्ये ०.०२ मोल कुणी खाल्लं? ते कुठल्या पाण्यात बनवलं होतं एवढं विचारून बघाल का?

चिनार


कारा-बुलाक, ७ जून

मिर्झा, आणि मिर्झाच्या चिनार,

मी गोठ्यात पत्र वाचलं आणि एवढ्यानं हसले की गाईनं लाथ मारून बादली सांडली. मग रडले. मला कुणाला विचारायला जावंच लागलं नाही. ते पाणी मीच भरलं होतं!

बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'डिस्टिल्ड' लिहिलंय. झाडूवालीनं ती फडताळात जागच्या जागी ठेवली. मास्तरांनी डोळे मिटून तेच पाणी वापरलं. आणि अरशानचं पाणी कसलं, तर ज्यात चहा टाकला की किटलीला पांढरी खपली धरते, ज्यात मुळातच सोडा म्हणून सासूबाई वरून सोडा न घालता पीठ मळतात. ज्यात पाण्याशिवाय काहीच नको, त्यात मी अख्खा डोंगर भरून दिला. आम्लाचा पाचवा हिस्सा त्या डोंगरानं आधीच खाल्ला. लिटरमागे ०.०२ मोल, सोड्याच्या हिशेबात १.६८ ग्रॅम. अर्धा चमचाही नाही!

म्हणजे मी बरोबर होते. पण चिनार, आता पुढचं ऐक. मी बरोबर, तर बाकी दहाजण चूक. त्यांच्याही ब्युरेटमध्ये आठच आले असणार, आणि त्यांनी डबा वाचून दहा लिहिले. मी तोंड उघडलं तर दहा दाखले जातील, त्यात माझ्या घरातला एक. ह्यांचं मुकादमपद जाईल. वर परीक्षेचं पाणी बिघडवलं म्हणून मलाच हाकलतील. नाही उघडलं तर मी जन्मभर गोठ्यात.

सकाळी ह्यांना सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ह्यांनी घोड्याचं खोगीर आवळलं. मग म्हणाले, "पाणी तूच भरलंस?"

"हो."

"रिकामी बाटली पाठवली असतीस तर आईनं तुला दारात उभं केलं असतं का?"

एवढं बोलून घोड्यावर बसून निघून गेले. राग आला की कीव आली, कळलं नाही. बारा तारखेला मी शाळेत जाणार आहे. बोलेन की नाही, माहीत नाही. भीती वाटते.

तुमची तुर्सुनाय

चिनार, पुढच्या वेळी ताई नको, वहिनी लिही.


कारा-बुलाक, १४ जून

माझ्या दोघांनो,

एका दमात सांगते.

बाराला मी कळशीभर अरशानचं पाणी घेऊन गेले. मास्तर, सालियेवा बाई आणि अकराही विद्यार्थी बसलेले. सह्यांची शाई तयार. मी उठले, कळशी बाकावर ठेवली, पुन्हा उचलली. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं, "काय हवंय?"

तेवढ्यात मागचं बाक सरकल्याचा आवाज आला. हे उभे राहिले होते. टोपी हातात.

"बाई, माझे चार काढून घ्या," हे म्हणाले. "माझ्याही ब्युरेटमध्ये आठच आले होते. दहा मी डब्यावरून लिहिले."

मग टपालवाला झापार उठला, "माझेही आठ." मग दुकानातली कानिमेत. मग एकेक करत सगळे. दहाजण उभे, मी बसकण मारलेली, आणि डोळ्यांतून पाणी थांबेना. तुझ्या भावाशी लग्न होऊन अकरा वर्षं झाली, मिर्झा, पण तो माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

बाई लालबुंद झाल्या. "मग आम्ल खराब होतं की काय?"

आता माझी पाळी होती. मी उठून सगळं सांगितलं. बाटली, झरा, मास्तरांचे गुडघे. मास्तर डोक्याला हात लावून म्हणाले, "अगं, म्हणजे महिनाभर औषध फडताळात होतं आणि मी गुडघ्यांना दवाखान्याचं मलम चोळत होतो!"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी दवाखान्यातून खरं डिस्टिल्ड पाणी मागवलं, दोन नव्या नळ्या फोडल्या. एक त्यात, एक माझ्या कळशीतल्या पाण्यात. माझं पाणी भांडंभर फसफसलं. मग मला म्हणाल्या, "बाई, तुम्हीच करा." मी हात पुसले आणि ब्युरेट हातात घेतली. दवाखान्याच्या पाण्यात दहा. अरशानच्या पाण्यात आठ.

बाईंनी फळ्यावर मला हिशेब मांडायला लावला. मी मांडला. त्यांनी माझा जुना आकडा खोडून पाच लिहिले. बाकी दहाजणांना ऑगस्टमध्ये पुन्हा प्रयोग. जाताना मला म्हणाल्या, "यापुढे शाळेत काही आणायचं तर लोणी आणा."

चिनार, हे पाच निम्मे तुझे. मिर्झाचे त्यात काही नाहीत. सासूबाईंना मी तुझ्याबद्दल सांगितलं. ओश ऐकून जरा तोंड वाकडं केलं, मग विचारलं, "हिशेबाला पक्की आहे का?" मी म्हटलं, "मुलापेक्षा पक्की." म्हणाल्या, "मग आण म्हणावं."

तुमची वहिनी


कारा-बुलाक, ८ जुलै

मेदेर,

मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. तुझी वहिनी म्हणते, सराव म्हणून लिही.

मी बरा आहे. मुकादमपद ऑगस्टपर्यंत थांबलंय. रोज संध्याकाळी तुझी वहिनी माझ्याकडून दहा उदाहरणं करून घेते. सल्फ्युरिक आम्लात हायड्रोजन दोन असतात हे मला आता झोपेतही येतं. तुला येतं का?

घरात एक प्रकार झाला तो कळवतो. सोमवारी तुझी वहिनी पांढरा कोट घालून दूधकेंद्रात पहिल्यांदा बसली. आईनं आपल्या गाईचं दूध मुद्दाम स्वतः नेलं. रांगेत सगळ्यांना ढकलून पुढे गेली, सून बसलीय म्हणून. तुझ्या वहिनीनं नमुना घेतला, अल्कली सोडली, बघितलं, पुन्हा केलं. मग उठून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, आंबटपणाचे बावीस आले. वीसच्या वर घेता येत नाही. दूध परत न्यावं लागेल."

सगळी रांग बघत होती. आई कॅन उचलून घरी आली. दोन दिवस कुणाशी बोलली नाही. मी घाबरून गोठ्यातच झोपायचं म्हणत होतो.

आज सकाळी शेजारीण दूध घेऊन निघाली होती. आई दारातून ओरडून तिला म्हणाली, "ए, कॅन आधी उकळत्या पाण्यानं धू! तिथे माझी सून बसलीय. ती माझंसुद्धा ऐकत नाही!"

तुझा भाऊ,
ओरोझ